शून्य ते शंभर, 5.8 सेकंदांत

1973 ची पोर्शे 911 कारेरा आरएस 2.7 (हलकी ‘स्पोर्ट’ आवृत्ती) आणि 2019 पासून चेन्नईत जुळणी होऊन आलेली बीएमडब्ल्यू 330आय, या दोघींना ताशी 100 किलोमीटर गाठायला कंपन्यांच्या आकड्यांनुसार 5.8 सेकंदच लागतात. एक खास वेगासाठी बांधलेली, दुसरी घरच्यांना घेऊन फिरायची चार दारांची सेडान.

पोर्शेचं वजन 960 किलो, इंजिन 2687 सीसी, ताकद 210 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). बीएमडब्ल्यू सुमारे 1470 किलो, 1998 सीसी टर्बो, 258 पीएस. टनामागे पोर्शेकडे 219 पीएस पडतात, बीएमडब्ल्यूकडे 176. मग पोर्शे पुढे का निघत नाही?

गतिज ऊर्जा काढून पाहा. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. त्या वेगाला पोर्शेत सुमारे 370 किलोज्यूल साठतात, बीएमडब्ल्यूत 567. 5.8 ने भागलं की सरासरी 64 आणि 98 किलोवॅट. हवेचा आणि टायरचा रोध बाजूला ठेवला, तर पोर्शेच्या कमाल ताकदीपैकी 41 टक्केच कामी येते, सेडानची जवळजवळ 52 टक्के.

हा फरक टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरामुळे, पडतो. पोर्शेचा 255 न्यूटन-मीटर कमाल टॉर्क 5100 आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर) मिळतो आणि पूर्ण ताकद 6300 ला, म्हणजे इंजिन पिळावंच लागतं. शिवाय क्लच दाबून गिअर बदलताना चाकांकडे काहीच जात नाही. बीएमडब्ल्यूचा 400 न्यूटन-मीटर टॉर्क 1550 पासून 4400 पर्यंत सपाट मिळतो, आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोर जवळपास न तोडता गिअर बदलतो. पोर्शेचे 5.8 सेकंद कसलेल्या हातालाच साधतात. सेडानचे कुणालाही.

वळणावर तर दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. पोर्शेचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागच्या टायरांची पकड कमी होते आणि मागचं जड टोक बाहेर फेकलं जातं. अशा वेळी पाय पूर्ण न उचलता ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवायचा, आणि वेग वळणाआधीच कमी करायचा. सेडानमध्ये चाकांचा वेग, स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचं फिरणं सेन्सर मोजतात. मागची बाजू सुटू लागली की यंत्रणा बाहेरच्या पुढच्या चाकाला आपणहून ब्रेक लावते. त्या पोर्शेत एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पॉवर स्टीअरिंगही नाही, पण रस्ता कसा आहे हे थेट हाताला कळतं. या बाबतीत ती आजही सरस आहे.

देखभालीत पोर्शे जास्त मागते. ड्राय संप (तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत) असल्याने तेल सुमारे 13 लिटर. पातळी बघायची ती गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम आणि चालू असताना. थंड इंजिनावर पाहून तेल ओतलं की हमखास जास्त होतं. बारा व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणाऱ्या रॉकरमधली फट इंजिन थंड असताना 0.10 मिलिमीटर ठेवावी लागते. मोठं दुखणं मॅग्नेशियमच्या क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीचं: उष्णतेने सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड (लांब बोल्ट) आटे ओरबाडून सुटतात. मग केस उघडून स्टीलचे इन्सर्ट (नवे आटे) बसवावे लागतात.

सेडानला तेल सव्वापाच लिटर पुरतं. मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. थंड इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना) थरथरू लागलं, तर इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग तपासल्यावर तिथेच बघावं.