टॅप विकत घेण्याआधी आटे मोजा

१९५०च्या दशकातली ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टन अशी ब्रिटिश मोटारसायकल उघडायला घेतली, की दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टलाच लक्षात येतं की एका गाडीत आट्यांच्या चार-पाच पद्धती नांदतायत. क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या कवचातल्या) स्टडच्या, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या बोल्टच्या, एका टोकाला जाड आटे, तर दुसऱ्या टोकाला बारीक. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) आणि कार्ब्युरेटरवरचे छोटे स्क्रू तिसऱ्याच मापाचे. स्पार्क प्लगचं भोक मात्र चक्क मेट्रिक, १४ मिमी. अशा गाडीसाठी बाजारातला मेट्रिक टॅप-डायचा (भोकात आटे पाडतो तो टॅप, दांड्यावर पाडते ती डाय) चकचकीत संच जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि कधीकधी घातकही.

घातक कसा, ते एका स्टडवर पाहू. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंच व्यासाचा स्टड घ्या. मिलिमीटरमध्ये ७.९४. त्यावर इंचाला २६ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, अर्थात पिच, ०.९७७ मिमी. आता त्यावर ८ मिमीचा, १ मिमी पिचचा नट लावून बघा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तो हातानं सहज जातो आणि ‘बसला’ असं वाटतं. पण दर आट्याला ०.०२३ मिमीचा फरक साठत जातो. सातव्या आट्यापर्यंत तो ०.१६ मिमी होतो आणि नट अडकतो. इथे पाना लावून जोर केला, किंवा त्या मापाचा टॅप जुन्या नटात घातला, की सत्तर वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात कापले जातात. हाताला लागलेलं माप खरं धरू नये, ते याचसाठी.

इतक्या पद्धती आल्या कुठून? १८४१ साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांची एकसारखी पद्धत मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा. व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा ठरवला. आट्याचा माथा आणि तळ त्यांनी गोलसर ठेवला. हे फार शहाणपणाचं होतं, कारण तीक्ष्ण तळाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पण हे आटे जाड होते. अडीच सुताला इंचात फक्त १८. सायकलच्या पातळ नळ्या आणि इंजिनाची थरथर यांना ते सोसणारे नव्हते. म्हणून १९०२च्या सुमारास सायकल अभियंत्यांच्या संस्थेनं ६० अंशांचे, इंचाला २६ असे बारीक आटे ठरवले. हेच ‘सीईआय’ किंवा सायकल आटे, आणि मोटारसायकलवाल्यांनी तेच उचलले. पुढे १९०८ साली व्हिटवर्थच्याच ५५ अंशांत बारीक आट्यांची बीएसएफ पद्धत आली. विजेच्या आणि नाजूक भागांसाठी १८८४पासूनची बीए (ब्रिटिश असोसिएशन) पद्धत होतीच: ४७.५ अंशांचा कोन, आणि इंग्रजी नाव असूनही मापं मिलिमीटरची. शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिमीचा, पिच १ मिमी. पुढच्या प्रत्येक क्रमांकाची पिच आधीच्या ०.९ पट.

स्टडची दोन टोकं वेगळी का, याचं उत्तरही धातूत आहे. क्रँककेस ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम मऊ. त्यात बारीक आटे पाडले तर प्रत्येक आट्याच्या वाट्याला धातू थोडा येतो आणि ताण आला की ते चटकन ओरबाडून निघतात. म्हणून केसमध्ये जाड व्हिटवर्थ. नटाच्या बाजूला पोलाद पोलादाला भिडतं, तिथे बारीक आटे चांगले: आट्यांच्या आतला गाभा जाड राहतो, शिवाय आट्याचा चढता उतार कमी असल्यानं थरथरीनं नट सैल व्हायची शक्यता घटते. अडीच सुती स्टडला व्हिटवर्थ आट्याचा उतार सुमारे ३.७ अंश पडतो, सायकल आट्याचा २.४.

आता सगळ्यात मोठी फसगत. पाव इंची, म्हणजे दोन सुती बोल्टला बीएसएफमध्येही इंचाला २६ आटे आहेत आणि सायकल पद्धतीतही २६. व्यास तोच, पिच तीच. फरक फक्त कोनात आणि खोलीत. सायकल आट्याचा गाभा ५.३ मिमी, बीएसएफचा ५.१. सायकल आट्याच्या स्टडवरून बीएसएफ डाय फिरवली, की ती तळ आणखी खोल खणते आणि गाभ्याचं क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के घटतं. वरून काहीच दिसत नाही. म्हणून मी तरी पहिला खर्च टॅपवर नाही, पिच गेजवर (आटे ओळखायच्या दातेरी पानांच्या संचावर) करायला सांगेन, आणि तोही ५५ आणि ६० अंशांची पानं वेगवेगळी असलेल्या. पान आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. कोन चुकला असेल तर आट्याच्या बाजूला बारीक फट दिसते. व्यासासाठी व्हर्नियर कॅलिपर हवाच. पान्यावरच्या आकड्यावरून बोल्टचं माप ठरवू नका. व्हिटवर्थ पान्यावर डोक्याची रुंदी नव्हे, बोल्टचा व्यास लिहिलेला असतो, आणि त्याच पान्यात एक माप मोठा बीएसएफ बोल्टही बसतो.

गाडीचं सालही विचारात घ्या. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कारखाने टप्प्याटप्प्यानं अमेरिकी वळणाच्या यूएनएफ आट्यांकडे गेले. अडीच सुताला बीएसएफचे २२, यूएनएफचे २४, सायकलचे २६. डोळ्याला तिन्ही सारखेच. आपल्याकडे रेडिचच्या रॉयल एनफिल्डचा आराखडा १९५५ साली मद्रासला आला, त्यामुळे जुन्या बुलेटवर काम करणाऱ्यांनाही हा हिशेब टळत नाही.

खरेदी मग छोटी होते. पन्नासच्या दशकातल्या गाडीला दोन सुतापासून साडेतीन सुतापर्यंतचे सायकल आट्यांचे टॅप आणि डाय, केससाठी दोन-तीन व्हिटवर्थ टॅप, आणि शून्य, दोन, चार क्रमांकाचे बीए. नुसते मळलेले, गंजलेले आटे साफ करायचे असतील तर साध्या कार्बन पोलादाचे चालतात. नवा स्टड करायचा असेल, त्यातही स्टेनलेसचा, तर हायस्पीड स्टीलच घ्या. कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंशांना कडकपणा सोडू लागतं. हायस्पीड पाचशेच्या पुढेही टिकतं. साफसफाईसाठी षटकोनी डाय नट (पान्यानं फिरवायची नटासारखी डाय) बरा, पण आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश. निम्मे आटे तेवढ्यानंच मोकळे होतात, आणि धातू जरासुद्धा कमी होत नाही.

बंद भोकात पहिल्यांदा निमुळता टॅप, मग मधला, शेवटी तळापर्यंत जाणारा. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, म्हणजे चुरा तुटतो. ॲल्युमिनियमला रॉकेल, पोलादाला कटिंग ऑइल. केसमधले आटे पूर्ण गेलेच असतील तर जाड स्टड ठोकण्यापेक्षा हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. त्याचा टॅप वेगळा, थोड्या मोठ्या व्यासाचा येतो, आणि ती गुंडाळी व्हिटवर्थ मापातही मिळते. मूळ स्टड मूळ जागी परत जातो.