नॅव्ह घटक आणि पिको सीएसएस

नॅव्ह (nav) हा वेबपानावरील मुख्य दुव्यांचा समूह दर्शवणारा, एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील घटक आहे. २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबमानके ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस केलेल्या एचटीएमएल ५ मध्ये त्याला अधिकृत स्थान मिळाले. सीएसएस ही पानाचे रूप ठरवणारी भाषा आहे. पिको सीएसएस या तिच्यातील तयार नियमांच्या हलक्या संचात (फ्रेमवर्कमध्ये) वर्गनावे, म्हणजे शैलीसाठी घटकांना दिली जाणारी नावे, न देता थेट या घटकालाच शैली मिळते.

घटकाच्या उगमाबद्दल एकमत नाही. गूगलने डिसेंबर २००५ मध्ये सुमारे एक अब्ज पानांतील वर्गनावे मोजली. त्यांत फूटर, मेनू, हेडर यांबरोबर नॅव्हही वारंवार आढळले व त्यावरूनच हा घटक आला, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु एक्सएचटीएमएल २.० या एचटीएमएलच्या प्रस्तावित पुढील रूपाच्या २००२ मधील मसुद्यातच दुव्यांच्या यादीसाठी ‘एनएल’ हा स्वतंत्र घटक होता. त्यामुळे गणनेतून प्रचलित नाव कळते, कल्पनेचा उगम नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘एनएल’ ही स्वतःच यादी होती. नॅव्ह हा विभाग असून यादी त्याच्या आत येते.

पिकोमध्ये नॅव्हला फ्लेक्स मांडणी, म्हणजे आतील घटक एका ओळीत बसवणारी मांडणी, असते. आत दोन याद्या असल्यास एक डाव्या व दुसरी उजव्या कडेला जाते. असाइड या बाजूच्या मजकुराच्या घटकात हीच यादी उभी होते. यादीची बुलेट-चिन्हे काढली की सफारी ब्राउझरमध्ये व्हॉइसओव्हर हा पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्राम तिला यादी मानीत नसे व दृष्टिहीन वापरकर्त्याला किती दुवे आहेत ते कळत नसे. म्हणून पिकोमध्ये यादीतील प्रत्येक कलमाआधी रुंदी नसलेले एक अदृश्य अवकाशचिन्ह घातलेले आहे. ही युक्ती सॅनिटाइझ सीएसएस या मूलभूत शैलीनियमांच्या संचातही आढळते. पिकोचा पाया काही अंशी त्यावर आहे. नंतर सफारीने नॅव्हमधील याद्यांना या नियमातून वगळले.

पानाचा माग दाखवणाऱ्या ‘ब्रेडक्रंब’ पट्टीची अडचण मराठी संकेतस्थळांना विशेष जाणवते. ती ओळखण्यासाठी पिको एरिया-लेबल (aria-label) या घटकाला नाव देणाऱ्या गुणधर्मात ‘ब्रेडक्रंब’ हाच इंग्रजी शब्द शोधते. हा गुणधर्म मात्र वाचून दाखवण्यासाठी असतो व पानाच्या भाषेत लिहिणेच योग्य. तेथे ‘पानाचा माग’ असे लिहिताच दुव्यांमधील विभाजक चिन्ह नाहीसे होते. इंग्रजी ठेवले, तर मराठी पानावर परका शब्द ऐकू येतो. लेबल मराठीच ठेवून विभाजकाचा नियम त्या मराठी लेबलासाठी स्वतंत्रपणे लिहिणे हा उपाय आहे. सीएसएसच्या निवडकात, म्हणजे नियम कोणत्या घटकाला लागू हे सांगणाऱ्या भागात, देवनागरी मजकूर चालतो.

सध्याच्या पानाचा दुवा दर्शवणाऱ्या एरिया-करंट या गुणधर्माला २०१७ च्या एरिया (ARIA) १.१ या सुगम्यतेच्या मानकात मान्यता मिळाली. पिको त्यावरूनही शैली ठरवते. ब्रेडक्रंबमध्ये असा दुवा माउसने दाबता येत नाही.

पिकोसारख्याच एमव्हीपी सीएसएस या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नॅव्हमधील यादीत दुसरी यादी घातल्यास उघडणारा मेनू तयार होतो.