गवती पतंग: माळावरून दिव्याकडे

पावसाळा सरता सरता गुडघाभर गवतातून चालावं, तर पावलागणिक काहीतरी फिकट, पिवळसर उडतं, चार हातांवर जाऊन पुन्हा काडीला चिकटतं आणि दिसेनासं होतं. हे गवती पतंग, शास्त्रीय भाषेत क्रॅम्बिने उपकुळातले. पंख अंगाभोवती गुंडाळून काडीला समांतर बसायचं आणि डोक्यापुढे चोचीसारखे अवयव काढायचे, ही त्यांची लपण्याची रीत.

युरोपात त्यांची दखल लवकर घेतली गेली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्येच कुरणातल्या काही जातींना नावं दिली. 1798 मध्ये त्याचा शिष्य, कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने 'क्रॅम्बस' ही प्रजाती मांडली. आपल्याकडचा धागा पुण्यातला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) आठ संस्थापकांपैकी एक, लष्करी अधिकारी चार्ल्स स्विनहो यांनी 1885 मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांवर लिहिताना पुण्याच्या एका पतंगाचं वर्णन 'क्रॅम्बस पार्टेलस' या नावाने केलं. तोच आजचा कायलो पार्टेलस. शेतकऱ्याला पतंग फारसा ठाऊक नसतो, पण अळी पक्की माहीत असते: ज्वारी-मक्याचा खोडकिडा, पोंगेमर करणारा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा पोंगा वाळवणारा. (ज्वारीसुद्धा शेवटी गवतच.) 1930 च्या सुमारास तो आफ्रिकेत, आजच्या मलावीत आढळला आणि पुढे बराच पसरला. 1993 मध्ये केनियात त्याच्यावर कोटेशिया फ्लेविपीस ही परजीवी गांधीलमाशी सोडावी लागली.

निलगिरीत चहामळा सांभाळलेले जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातल्या पतंगांवरच्या ग्रंथमालेचा चौथा खंड 1896 मध्ये काढला; त्यात हे छोटे पतंगही आले. पण पुढे, माझ्या मते, अभ्यासाचा तोल गेला. पीक खाणाऱ्यांच्या फायली फुगल्या आणि माळावरचे निरुपद्रवी भाऊबंद नावापुरते उरले.

दुसरा बदल दिव्याने केला. 1950 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबिन्सन बंधूंनी मर्क्युरी व्हेपर दिव्याचा सापळा मांडला, आणि जाळी घेऊन गवत झाडत फिरणं मागे पडत गेलं. आपल्याकडे पांढरा पडदा आणि दिवा हीच आता सर्वमान्य पद्धत. एका रात्रीत यादी मोठी होते, हे खरंच. पण पडद्यावरचा पतंग कुठल्या गवतातून आला हे दिवा सांगत नाही. कित्येक जातींच्या माद्या अंडी गवतात नुसती विखरून टाकतात. अळ्या बुंध्याशी रेशमाच्या नळीत राहतात. पतंगाचं बहुतेक आयुष्य असं पडद्यापासून लांब, जमिनीलगत जातं.

त्यात सरकारी नकाशांत माळरान बऱ्याचदा 'पडीक' ठरतं आणि तिथे झाडं लावली जातात. कुसळी आणि पवन्या ही माळावरची गवतं गेल्यावर त्यांवर कोण जगत होतं, हे विचारायचं कुणाला? म्हणून दिवेलागणीआधी माळावर हळू चालून, बसलेल्या पतंगाचा बाजूने एक फोटो आणि त्याच्या काडीचा दुसरा, ही जुन्या वळणाची नोंद मला पडद्यावरच्या लांबलचक यादीपेक्षा मोलाची वाटते.