डबा परत का येतो?

माझा भाचा सातवीत आहे. कर्वेनगरातून त्याची स्कूलबस सकाळी पावणेसातला सुटते, आणि सव्वासहापासून ताई एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात त्याचा एक मोजा घेऊन घरभर फिरत असते. दोन घास पोटात जातात, बाकीचे ओट्यावर राहतात. दुपारी डबा उघडावा तर पोळी-भाजी जवळपास तशीच, आणि दप्तराच्या तळाशी जेलीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

गंमत म्हणजे आहाराचा धडा त्याला तोंडपाठ आहे. लोह कशात, क जीवनसत्त्व कशात, काहीही विचारा. पण त्याला एडीएचडी आहे. लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याच्या मेंदूला जड जातं. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. समोर गोळी दिसली की हात आधी जातो, धडा नंतर आठवतो.

नातेवाइकांचं निदान मात्र तयार असतं: ‘साखर बंद करा, आपोआप शांत होईल.’ १९९४ साली अमेरिकेत यावर एक मजेदार प्रयोग झाला. साखर खाल्ली की आपला मुलगा उधळतो, असं ठामपणे मानणाऱ्या आया निवडल्या. मुलांना साखर दिलीच नाही, पण निम्म्या आयांना ‘भरपूर दिली आहे’ असं सांगितलं. त्यांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांना जास्त टोकतही राहिल्या! पुढच्याच वर्षी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही साखरेचा वागण्यावर परिणाम सापडला नाही. दात आणि वजन यांच्या बाबतीत साखर दोषी आहेच, पण हा गुन्हा तिचा नाही.

खाण्यातल्या कृत्रिम रंगांचं प्रकरण इतकं साधं नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला सुमारे तीनशे मुलांवर झालेल्या प्रयोगात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) यांच्या मिश्रणाने चळवळेपणा थोडा वाढलेला दिसला. ही सर्वसाधारण मुलं होती, एडीएचडीची नव्हेत. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाद्यपदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांतले चार आपल्याकडे चालतात. पाकिटाच्या मागे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा. ते टाळून एडीएचडी जाणार नाही, पण टाळल्याने बिघडणारही काही नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लोह. मेंदूत डोपामिन हे निरोप पोहोचवणारं रसायन तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, आणि लक्ष टिकवण्यात डोपामिनचा मोठा वाटा आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. तो फेरिटिनच्या रक्तचाचणीत कळतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलांमध्ये १८ टक्के. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत इथे कामाची आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. आणि त्याच बशीशेजारचा चहा त्यावर पाणी फिरवतो. (पुणेकरांना हे पटवणं अवघड, मी प्रयत्न सोडला आहे.) लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत. जादा लोह घातक असतं.

राहिला डबा. आमच्याकडे सगळे भाजीला दोष देत होते. पण कारण वेगळंच होतं. भाच्याला सकाळी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे औषध देतात. त्याने भूक मंदावते, नेमकी डब्याच्या सुट्टीत. औषधाचा असर संध्याकाळी उतरतो. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर ताईने क्रम बदलला. आधी पोटभर पोहे, मग औषधाची गोळी. त्यासाठी घर पाऊण तास आधी उठतं, आणि मोजे आदल्या रात्रीच बुटात जातात.

डबा अजूनही अर्धा परत येतो. संध्याकाळी सहा वाजता मात्र भाचा स्वतःच स्वयंपाकघरात येऊन उरलेली पोळी-भाजी संपवतो, वर आणखी दोन पोळ्या मागतो. तीच गवारीची भाजी.