मास्क धुतल्यावर काय जातं?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत दर रविवारी एका दोरीवर पांढरा एन-९५ मास्क वाळत असतो. तो आमच्या शेजाऱ्यांचा. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करायला आहेत. वाळूची धूळ छातीत जाऊ नये म्हणून स्वतःच्या पैशाने मास्क घेतात आणि साबणाने धुऊन महिना काढतात. "धुतला की नव्यासारखा होतोय की, सर," ते परवा म्हणाले, आणि मी लिहायला बसलो.

मास्क म्हणजे बारीक चाळण, असं आपण धरून चालतो. पण एन-९५च्या मधल्या थरातले पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे तंतू १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतात आणि त्यांच्यामधली भोकं तर कित्येक कणांहून मोठी. मग कण अडतो कसा?

जड कणाला हवेबरोबर वळता येत नाही. चोर्ला घाटाच्या वळणावर भरधाव ट्रक कठड्यावर जावा, तसा तो तंतूवर आदळतो. ०.१ मायक्रॉनहून लहान कणाला हवेचे रेणू चहूबाजूंनी ढकलतात. तो वेडावाकडा भटकत कुठल्यातरी तंतूला लागतो आणि लागला की चिकटतोच. पंचाईत मधल्यांची. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण आदळण्याइतका जड नाही आणि भटकण्याइतका हलकाही नाही. मास्कची परीक्षा म्हणूनच याच मापाच्या कणांवर होते. निदान ९५ टक्के अडले तर एन-९५.

या मधल्यांसाठी कारखान्यात तंतूंवर विद्युतप्रभार बसवतात. केसांवर घासलेली पट्टी कागदाचे कपटे उचलते ना, तेच इथे. कणावर स्वतःचा प्रभार नसला तरी चालतं. तंतूजवळ येताच त्याच्या आतले धन-ऋण जरा सरकतात आणि तो ओढला जातो. साबण किंवा अल्कोहोल लागलं की ही ओढ संपते. कापड शाबूत, डाग गेलेला, पण छातीत खोलवर जाणारी बारीक धूळ आता पार होते.

नॅनोतंतूंचा मार्ग वेगळा. प्रभारावर विसंबायचं नाही, तंतूच १०० ते ५०० नॅनोमीटरचा करायचा (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). सुईच्या टोकावरच्या पॉलिमरच्या थेंबाला दहा-वीस हजार व्होल्ट दिले की त्याचा शंकू होतो, शंकूतून धार सुटते आणि वाटेतच वाळून तंतू बनते. इतके तंतू दाटीने बसवूनही श्वास कोंडत नाही, याचं कारण मला फार आवडतं. हवेचा एक रेणू दुसऱ्यावर धडकेपर्यंत सरासरी ६६ नॅनोमीटर जातो. तंतूची जाडी या अंतराच्या जवळ आली की हवा त्याला चिकटत नाही, घसरून पुढे जाते.

२०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या काइस्ट संस्थेत किम इल-दू यांच्या गटाने असे तंतू काटकोनात, उभे-आडवे मांडले. आमच्या मागवाल्यांना ताणा-बाणा नवा नाही, पण इथे वीण नाही, नुसते थर. हा थर वीस वेळा अल्कोहोलने निर्जंतुक करूनही टिकतो, असं त्यांनी जाहीर केलं. दगडावर घासला तर मात्र फाटेल. तो मऊ हातानेच धुवायचा.

पाकिटावर 'नॅनो' छापलं म्हणून विश्वास ठेवू नका. २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असं सांगणाऱ्या निरोपांनी माणसांचा दवाखान्यात जायचा वेळ खाल्ला. किती टक्के कण अडतात, तो चाचणीचा आकडा विचारा.

शेजाऱ्यांना मी म्हटलं, साधा एन-९५ धुऊ नका. श्वास जड वाटू लागला, पट्टी सैल झाली किंवा मास्क मळला की बदला, आणि नवा मालकाकडून मागून घ्या.