ड्रिल धडधाकट, बॅटरी गेलेली: सेल बदलावेत की नवं मशीन घ्यावं?

कॉर्डलेस ड्रिलमध्ये सगळ्यात आधी दम तोडते ती बॅटरी. मोटर आणि गिअर अजून ठणठणीत असतात आणि दुकानदार सांगतो, “याची बॅटरी आता मिळत नाही, नवीनच घ्या.” हे कधी खरं असतं, कधी अर्धवट. नीट निर्णय घ्यायचा तर किमतीच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: पॅकच्या आत कुठल्या जातीचे सेल आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा बोर्ड आहे का.

त्याहीआधी दोष खरंच बॅटरीचाच आहे ना, ते बघा. ड्रिल अडखळत फिरत असेल आणि मागच्या फटींतून जास्त ठिणग्या दिसत असतील तर मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते स्वस्तात बदलून मिळतात. बॅटरीची परीक्षा साध्या मल्टिमीटरने होते, पण नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. १८ व्होल्टच्या पॅकला ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॉटचा बल्ब जोडा आणि जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजा. चांगला पॅक जेमतेम अर्धा व्होल्ट उतरतो. मेलेला पॅक बल्बाशिवाय झकास आकडा दाखवतो आणि बल्ब लागताच कोसळतो.

ही कोसळण्याची भानगड अंतर्गत रोधाची, म्हणजे सेल स्वतःच करंटला करत असलेल्या अडथळ्याची. जास्त करंट देणाऱ्या नव्या लिथियम सेलचा रोध सुमारे २० मिलिओहम असतो, जुना झाला की तो ६० च्या वर जातो. पाच सेल एकामागे एक जोडलेले असतील तर एकूण रोध ३०० मिलिओहम. भिंतीत भोक पाडताना ड्रिल २० अँपिअर ओढत असेल तर ६ व्होल्ट पॅकच्या आतच खर्च होतात आणि मोटरपर्यंत १८ ऐवजी १२ पोचतात. वाया गेलेले हे १२० वॉट उष्णता बनून सेल आणखी खराब करतात. म्हणूनच म्हातारा पॅक चार्ज पूर्ण दाखवतो, स्क्रू सोडवतो, पण काँक्रीटला हात लावला की मान टाकतो.

निकेलचे जुने पॅक

९.६, १२, १४.४ व्होल्टची जाडजूड, हँडलच्या बुडाशी लागणारी बॅटरी असेल तर आत बहुधा निकेल-कॅडमियमचे ‘सब-सी’ सेल असतात: सुमारे २२ मिलिमीटर जाड, ४३ मिलिमीटर उंच, प्रत्येकी १.२ व्होल्ट. १४.४ व्होल्टच्या पॅकमध्ये असे १२. नुकत्याच चार्ज केलेल्या पॅकने १६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. पावणेपंधराच दिसत असतील तर एक सेल आतून शॉर्ट झालाय, असं बिनधास्त समजा. धातूचे बारीक केसासारखे तंतू आतला पडदा भेदून पलीकडे पोचतात, त्यामुळे हे होतं. मोठ्या करंटचा झटका देऊन ते तंतू जाळण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. सेल जिवंतही होतो, पण पडद्याला पडलेलं भोक तसंच राहतं आणि तंतू पुन्हा वाढतात. नाद सोडा.

एकच मेलेला सेल बदलावा असं प्रत्येकाला वाटतं. नेमकं तेच करू नये. बाराजणांच्या रांगेत जो सगळ्यात कमकुवत तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे अकरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. त्याची धन-ऋण टोकं उलटतात, आत वायू तयार होतो, झडप उघडते आणि इलेक्ट्रोलाइट बाहेर येतं. पॅक उघडल्यावर दिसणारी पांढरी भुकटी हीच. नवा सेल घातलात तर पुढचा कमकुवत सेल काही आठवड्यांत असाच जातो. सगळे सेल एकदम, एकाच बॅचचे, जोडणीच्या पट्ट्या (टॅब) आधीच वेल्ड केलेले घ्या. मग साधी सोल्डरिंग इस्त्री पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, इथे चौकशी करावी.

सेलच्या मधे चिकटवलेला, पॅक तापला की करंट तोडणारा छोटा थर्मल स्विच जुन्याच जागी परत बसवायला विसरू नका. कॅडमियमऐवजी निकेल-मेटल हायड्राइड सेल घातले तर त्याच आकारात ३ अँपिअर-तासांपर्यंत क्षमता मिळते, मात्र जुना फास्ट चार्जर इथे गोंधळतो. चार्ज पूर्ण होताना व्होल्टेज किंचित खाली येतं, ती खूण बघून असा चार्जर थांबतो. मेटल हायड्राइडमध्ये ही घसरण इतकी पुसट असते की चार्जर थांबतच नाही आणि पॅक हाताला चटका देईपर्यंत तापतो. त्यामुळे चार्जरवर ‘निकेल-मेटल हायड्राइड’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच हा बदल करा.

आणि जुन्या पॅकमध्ये थेट लिथियम? होतं, पण जपून. १४.४ व्होल्टच्या जागी चार सेल, १८ च्या जागी पाच, सोबत सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस बोर्ड आणि लिथियमचाच नवा चार्जर; जुना चार्जर पुन्हा कधीही लावायचा नाही. बोर्ड १५ अँपिअरचा घेतला तर ट्रिगर दाबताच एक हिसका बसतो आणि मशीन गप्प होतं, कारण सुरू होतानाचा करंट त्याच्या दुप्पट सहज जातो. निदान ४० अँपिअरचा बोर्ड हवा.

लिथियमचे पॅक

१८ व्होल्टचा आणि जाहिरातीत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणवणारा पॅक आतून एकच: पाच सेल, पूर्ण चार्ज २१ व्होल्ट. मोठ्या पॅकमध्ये पाच जोड्या, म्हणजे दहा सेल. हे बहुधा १८६५० मापाचे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पॅक उघडायला टॉर्क्स टी-१० (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) पाना लागतो. प्रत्येक सेलचं किंवा जोडीचं व्होल्टेज वेगळं मोजा: चार ठिकाणी ४.१ आणि एका ठिकाणी ३.३ असेल तर दोषी सापडला. एखादा सेल दीड व्होल्टच्या खाली बराच काळ पडून असेल तर त्याला चार्ज करून उठवू नका. आतलं तांबं विरघळून नंतर भलत्याच जागी जमतं आणि शॉर्ट होतो.

खरी अडचण बोर्डाची. काही कंपन्यांचे बोर्ड सेलमधली तफावत किंवा अपयशी चार्जिंगची नोंद ठेवतात आणि ठरावीक मर्यादेनंतर पॅक कायमचा बंद करतात. मग नवेकोरे सेल घातले तरी चार्जरवर लाल दिवा लुकलुकतच राहतो. आपल्या मॉडेलचा बोर्ड असा कुलूप लावतो का, हे सेल विकत घेण्याआधीच विचारून घ्या.

बोर्ड चांगला असेल तर सेलची निवड महत्त्वाची. लॅपटॉपमधून काढलेले सेल इथे चालत नाहीत. ते जेमतेम पाच-सहा अँपिअर देतात. सॅमसंगचा २५आर (२५०० मिलिअँपिअर-तास, २० अँपिअर) किंवा एलजीचा एचजी२ (३०००, २० अँपिअर) या दर्जाचे हवेत. वेष्टनावर ९९०० लिहिलेला १८६५० म्हणजे निव्वळ थाप. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो; ३० ग्रॅमचा असेल तर दुकानदाराला परत द्या.

लिथियम सेलवर इस्त्री टेकवायची नाही. आतला पॉलिथिलीनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो आणि इस्त्री ३५० अंशांवर असते. स्पॉट वेल्डिंग, म्हणजे करंटच्या क्षणभराच्या झटक्याने पट्टी जोडणं, हवं. ई-बाइकचे पॅक बांधणारे कारागीर करून देतात. पट्टी शुद्ध निकेलची घ्या: ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज आला तर ती आतून पोलाद आहे. ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद पट्टी सलग पाच-सात अँपिअरच झेपवते, म्हणून थर वाढवावे लागतात. धन टोकाभोवती इन्सुलेशनची कागदी चकती लावाच, कारण तिथे कडेला असलेला पत्रा ऋण असतो. वेल्ड करण्याआधी सगळे सेल एकाच व्होल्टेजवर आणा. बोर्डाच्या तारा ऋण टोकापासून क्रमाने वर जोडत जा.

मग नवं कधी?

अजून विक्रीत असलेल्या मालिकेचा पॅक असेल तर आधी मूळ पॅकची किंमत विचारा. सेल, मजुरी आणि पट्ट्या मिळून खर्च त्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दुरुस्तीत राम नाही. वॉरंटीही मिळत नाही. दोन बॅटऱ्या सुट्या घेण्यापेक्षा ड्रिलसकटचा किट किंचितच महाग पडतो, हेही पुष्कळदा दिसतं. रियोबीसारख्या कंपनीने १९९६ पासून १८ व्होल्टची जोडणी तीच ठेवल्यामुळे नवे लिथियम पॅक तिच्या जुन्या मशीनला लागतात, तर डीवॉल्ट जुन्या १८ व्होल्ट मशीनसाठी अडॅप्टर विकते. अडॅप्टर असेल तर पैसे नव्या पॅकमध्ये घालावेत, जुन्या सेलमध्ये नाहीत.

निकेलचं १२ व्होल्टचं ड्रिल एकाच जागी, टेबलावर वापरायचं असेल तर आणखी सोपं: पॅकऐवजी बाहेरून जोडलेली यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी, ३० अँपिअरचा फ्यूज आणि दोन मीटर २.५ चौरस मिलिमीटरची वायर.

काढलेले निकेल-कॅडमियम सेल कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम इतकं विषारी आहे की युरोपीय संघाने २०१६ नंतर पॉवर टूलमध्येही या बॅटऱ्यांना दिलेली सूट काढून घेतली. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटऱ्या घरच्या कचऱ्यातून वेगळ्या देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. लिथियम सेल देताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. एकाच पिशवीत टोकाला टोक लागलं तरी आग लागते.