हिपॅटायटिस ए : एका ‘मानवी’ विषाणूचे वन्य गोत्र

दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी कावीळ माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे कारण मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हाती लागले नव्हते. पित्तनलिकेच्या तोंडाशी श्लेष्मा साचून ही कावीळ होते, हे जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांचे एकोणिसाव्या शतकातील मत पुढे कित्येक दशके टिकून राहिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यांमध्ये कावीळीच्या मोठ्या साथी आल्या, तेव्हा एक प्रकार विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून महिन्याभरात उद्भवतो आणि दुसरा रक्तातून किंवा रक्तजन्य लशीतून शिरून बऱ्याच विलंबाने प्रकट होतो, हा भेद स्पष्ट झाला. १९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅकॅलम यांनी या दोहोंना अनुक्रमे ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे सुचवली. पुढे ही वर्णमाला ‘ई’पर्यंत वाढली, पण तिच्यातील अक्षरे नाते सांगत नाहीत. हे पाचही विषाणू वेगवेगळ्या कुलांतील असून, यकृताला इजा करणे एवढेच त्यांच्यात समान आहे.

न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या संस्थेत सॉल क्रुगमन यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना जाणूनबुजून संसर्ग देऊन १९६७ मध्ये दोन्ही प्रकार निर्विवादपणे वेगळे करून दाखवले. या प्रयोगांमुळे ज्ञानात भर पडली हे खरे, पण ती ज्यांच्या जिवावर पडली त्या मुलांना स्वतःची संमती देता येणे शक्यच नव्हते. याच प्रयोगांतून मिळालेला ‘एमएस-१’ हा वाण पुढील शोधाचा आधार ठरला. या वाणाने संसर्गित झालेल्या स्वयंसेवकांच्या विष्ठेचे नमुने घेऊन स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कपिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण पाहिले. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे हे कण एकमेकांना चिकटून पुंजके बनवत, म्हणूनच ते ओळखू आले.

प्राण्यांचा संबंध या कथेत याआधीच आला होता, पण त्याचा अर्थ वेगळा लावला गेला. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील एका हवाई दलाच्या तळावर चिंपांझींची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कावीळ झाली. त्यानंतर फ्रेडरिक डाइनहार्ट यांनी मार्मोसेट माकडांमध्ये हा आजार संक्रमित करून दाखवला. १९७९ मध्ये फिलिप प्रोव्होस्ट आणि मॉरिस हिलमन यांनी विषाणू पेशीसंवर्धनात वाढवला आणि १९९० च्या दशकात लशी बाजारात आल्या. या विषाणूचे सहा जनुकप्रकार मानले गेले, त्यांपैकी तीन माणसांत आणि तीन माकडांत आढळले. सर्वांना मिळून जागा होती ती ‘हिपॅटोव्हायरस’ या प्रजातीतील (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकाच जातीची (स्पीशीज). हा माणसाचा आणि त्याच्या जवळच्या नातलगांचाच विषाणू आहे, ही समजूत अशा रीतीने पक्की झाली. तिच्यावर शंका घेण्याचे कारणही फारसे नव्हते, कारण उंदरांसारख्या नेहमीच्या प्रयोगप्राण्यांत तो वाढत नसे आणि इतर प्राण्यांमध्ये त्याचा कसून शोधही कोणी घेतला नव्हता.

या समजुतीत एक अडचण मात्र होती. हिपॅटायटिस ए एकदा होऊन गेला की प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते आणि बी प्रकाराप्रमाणे तो शरीरात कायमचा ठाण मांडून बसत नाही. अशा विषाणूला टिकून राहायचे तर सतत नवे, आजवर न बाधलेले लोक हवेत. विखुरलेल्या लहान टोळ्यांमध्ये राहणाऱ्या प्राचीन मानवात ते मिळणे अवघड होते. मग मोठ्या वस्त्या उभ्या राहण्यापूर्वी तो होता कोठे, हा प्रश्न उरतोच.

२०१३ मध्ये आणखी एक विचित्र गोष्ट समोर आली. विष्ठेत उघडा असणारा हा विषाणू रुग्णाच्या रक्तात मात्र यजमान पेशीच्या पटलाचे आवरण पांघरून फिरतो, असे स्टॅनली लेमन यांच्या गटाला आढळले. त्याच्या आतल्या प्रथिनांच्या कवचाची रचनाही नंतर उलगडली, आणि तिचे काही अंश सस्तन प्राण्यांच्या इतर पिकोर्नाव्हायरसांपेक्षा (हा विषाणू ज्या कुलात मोडतो त्यातील इतर विषाणूंपेक्षा) कीटकांच्या विषाणूंशी अधिक जुळणारे निघाले.

शोधाला खरी गती आली ती २०१५ मध्ये. त्या वर्षी आधी किनारी सीलमध्ये याच गोत्रातील ‘फोपीव्हायरस’ सापडला. तोही यकृताच्या पेशींमध्येच आणि वरवर पाहता कोणताही मोठा दाह न करता राहत होता. पाठोपाठ यान फेलिक्स ड्रेक्सलर व सहकाऱ्यांनी जगभरातील २०९ लहान सस्तन जातींच्या १५,९८७ नमुन्यांची तपासणी केली आणि वटवाघळे, कृंतक (उंदरांसारखे कुरतडणारे) प्राणी, हेजहॉग व चिचुंद्र्या यांच्यात तब्बल १३ नव्या हिपॅटोव्हायरस जाती नोंदवल्या. काही वटवाघळांच्या रक्तातील प्रतिपिंडे तर मानवी विषाणूलाही निष्प्रभ करत होती. कवचाचे मोक्याचे भाग इतक्या दूरच्या नात्यातही बदललेले नाहीत, असे त्यावरून दिसते.

माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष नव्या जातींच्या संख्येचा नसून वंशवृक्षांच्या विसंगतीचा आहे. यजमान प्राण्यांचा वंशवृक्ष आणि त्यांच्या विषाणूंचा वंशवृक्ष शेजारी ठेवले तर त्यांच्या फांद्या सर्वत्र जुळत नाहीत. म्हणजे हे विषाणू प्रत्येक वेळी आपल्या यजमानासोबतच उत्क्रांत झालेले नसून त्यांनी भूतकाळात एका प्राणिगटातून दुसऱ्यात मोठ्या उड्या घेतल्या आहेत. विश्लेषणानुसार संपूर्ण प्रजातीचा उगम कीटकभक्षी लहान सस्तन प्राण्यांत, तर मानवी विषाणूचा उगम कृंतकांत असावा. कवचातील कीटक-विषाणूंशी असलेले साम्य पाहता या प्राण्यांचा आहारही सूचक वाटतो, पण तो पुरावा नव्हे.

अशा उड्या आज सहज का घडत नाहीत, याचे अंशतः उत्तर २०१६ मध्ये लेमन यांच्याच गटाने दिले. मानवी विषाणू यकृतपेशीतील ‘एमएव्हीएस’ हे धोक्याची सूचना देणारे प्रथिन तोडून टाकतो. उंदराच्या पेशीतील हेच प्रथिन त्याला तोडता येत नाही आणि इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनांचा प्रतिकार त्याला तेथेच रोखतो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये मात्र संसर्ग झाला आणि यकृतदाहही दिसला. अधिकृत वर्गीकरणात त्यानंतर हिपॅटोव्हायरसच्या जातींची संख्या एकावरून नऊवर गेली आहे. माणसाला बाधणारे सर्व प्रकार त्यांतील एकाच जातीत मोडतात.